पर्यावरण दिनाला शाळा बंद असते

जागतिक पर्यावरण दिन येतो 5 जूनला आणि विदर्भातल्या शाळा उन्हापायी उघडतात जूनच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलांच्या वाट्याला हा दिवस एक तर सुट्टीत येतो, नाहीतर उशिरा आणि फोटोपुरता. खड्डा, रोप, रोपाला हात लावलेली पाच-सहा मोठी माणसे, पुढे बसवलेली दोन मुले. फोटो ग्रुपवर गेला की अहवाल पूर्ण. पुढच्या पावसाळ्यात रोप नवे असते, खड्डा बहुधा जुनाच. याचा दोष एकट्या शिक्षकांना देण्यात अर्थ नाही. वरून येणारा कागदच फोटो मागतो. जे मागाल तेच मिळणार.

हा लेख शिक्षकांसाठी, मुख्याध्यापकांसाठी आणि शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या पालकांसाठी आहे. शाश्वत विकास शाळेत आणायचा तर नेमके काय करायचे, कोणत्या तासाला, कोणत्या पैशातून आणि कोणाच्या सहीने, एवढाच त्याचा विषय.

कागद भरपूर आहेत

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच पर्यावरणाची जाण शिक्षणात आणण्याची गोष्ट होती. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण शिक्षणाचा आदेश दिला आणि 2003 मध्ये एनसीईआरटीला प्रत्येक स्तरासाठी अभ्यासक्रम आखायला लावला. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टे ठरवली. त्यांतले चौथे शिक्षणाचे आणि त्यातले 4.7 हे लक्ष्य तर थेट शाश्वत विकासाच्या शिक्षणाचे. 2020 च्या धोरणानेही तेच पुढे नेले. आपल्या पाठ्यपुस्तकांत प्राथमिक वर्गांना परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा आहे, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आहे. हे शेवटचे दोन श्रेणी विषय. श्रेणी विषयाची वही कधी आणि कशी पूर्ण होते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. जानेवारीत एकीची वही वर्गभर फिरते.

गावाच्या जगण्यातून शिकवण्याचा विचारही आपल्याकडे नवा नाही. 1937 मध्ये विदर्भातच वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम तिथून पुढे आली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला; तिथली मुले गावाच्या उपयोगाचे खरे काम करत विज्ञान शिकली. कल्पनांचा तुटवडा कधीच नव्हता. बदली झाली, अधिकारी बदलला, नवा उपक्रम आला की जुना बंद पडतो, ही खरी अडचण आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: नवा विषय मागू नका, नवा तास मागू नका. शाळेने आपल्या गावाचा एक प्रश्न धरावा आणि त्याची मोजून केलेली नोंद वर्षानुवर्षे ठेवावी. बाकी सारे त्या नोंदवहीभोवती आपोआप गोळा होते. गणित तिथे लागते, भूगोल तिथे लागतो, मराठीतले पत्रलेखनही लागते.

घाटावर एक, घाटाखाली दुसरे

जिल्ह्यासाठी एकच पर्यावरण उपक्रम काढणे ही पहिली चूक. बुलढाण्यात माणसे घाटावरचे तालुके आणि घाटाखालचे तालुके असे बोलतात, ते उगाच नाही. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा घाटावरचा भाग. त्याचा प्रश्न पावसाचा, विहिरीचा, वाहून जाणाऱ्या मातीचा. घाटाखाली पूर्णेचे खोरे लागते आणि शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूला खारपाणपट्टा. तिथे पाणी असूनही पिता येत नाही. त्याच्याही वर सातपुड्याच्या पायथ्याला अंबाबरवा अभयारण्य, आदिवासी गावे आणि जंगलाशी रोजचा व्यवहार. शेगावच्या शाळेचा प्रश्न लोणारच्या शाळेला देऊन चालणार नाही.

घाटाखालच्या शाळेपासून सुरुवात करू. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारे टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एक लिटरमागे 500 मिलिग्रॅम ही योग्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. पाचवी ते आठवीच्या मुलांनी गावातला हातपंप, सार्वजनिक विहीर, नळ आणि विकत घेतलेला जार, अशा चार-पाच ठिकाणचे पाणी दर दोन महिन्यांनी मोजावे. एप्रिल आणि ऑक्टोबरचे आकडे शेजारी लिहिले की पाऊस जमिनीखाली काय करतो हे पुस्तक न उघडता कळते. मीटर नसेल तर एकाच साबणाचा फेस किती होतो आणि ताटलीत पाणी आटवल्यावर किती पांढरा थर उरतो, एवढ्यावरही सुरुवात होते. आकडा मिळत नाही, पण फरक दिसतो.

इथे एक सावधगिरी, आणि ती ठळक अक्षरांत वर्गात लिहून ठेवावी अशी. मीटर फक्त क्षारांची एकूण मात्रा सांगते. नायट्रेट किती, फ्लोराइड किती, जंतू आहेत की नाहीत, यातले काहीही ते सांगत नाही. मीटरवर 300 आले म्हणून पाणी चांगले, असा निकाल मुलांनी देऊ नये आणि शिक्षकांनी देऊ देऊ नये. पुढची तपासणी प्रयोगशाळेची. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक पाण्याचे नमुने पाठवतात, गावातल्या काही महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण मिळालेले असते. त्यांना शाळेत बोलवा. पाणी निर्जंतुक करायला टीसीएल पावडर किती टाकायची आणि क्लोरीन तपासणाऱ्या ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले म्हणजे काय, हे त्या दाखवतील. विज्ञानाचा इतका चांगला तास शिक्षकालाही जमेल असे नाही.

दुसरे काम छपराचे, आणि हे जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेला जमते. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. हे एक वाक्य सहावीच्या मुलांना दिले की पुढचे ती करतात. दोन-तीन खोल्यांच्या शाळेचे छप्पर 100 चौरस मीटर धरा आणि वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर. झाले 70,000 लिटर. पाचवा भाग सांडला, उडाला, पहिल्या पावसात छप्पर धुण्यात गेला, तरी 56,000 उरतात. आता 60 मुले, माणशी रोज दोन लिटर, वर्षाला शाळेचे 220 दिवस: 26,400 लिटर. मुले खूश होतात, पाणी पुरून उरले. तेव्हाच पुढचा प्रश्न विचारायचा: पाऊस चार महिन्यांत पडणार, मग तो साठवायचा कुठे? पावसाळा संपल्यानंतरचे 150 दिवस धरले तर 18,000 लिटरची टाकी हवी. ती केवढी होईल, शाळेच्या आवारात कुठे बसेल, खर्च किती, छपरावर कबुतरे बसतात त्याचे काय? घनफळ, अंदाजपत्रक आणि आरोग्य हे तिन्ही विषय एका टाकीत येतात. टाकी बांधली जाईलच असे नाही. पण अंदाजपत्रक तयार असलेल्या शाळेला निधी मिळण्याची शक्यता नुसता अर्ज करणाऱ्या शाळेपेक्षा नक्कीच जास्त असते.

घाटावरच्या शाळांनी पर्जन्यमापक ठेवावा. बाजारातला नको, सरळ उभ्या कडांची बाटली, वरचा भाग कापून उलटा बसवलेला, बाजूला पट्टी. रोज सकाळी एकाच वेळी एका मुलाने वाचायचा आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा. 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला की महसूल खाते त्याला अतिवृष्टी म्हणते आणि तो आकडा महसूल मंडळाच्या केंद्रावरचा असतो. आपल्या गावात पडला आणि मंडळात नाही पडला, हे भांडण प्रत्येक गावाला माहीत आहे. शाळेची नोंद सरकारी पुरावा होत नाही, पण सरासरी म्हणजे काय आणि ती कोणाला लागू पडत नाही, हे सातवीच्या मुलाला इतक्या चांगल्या उदाहरणाने कोणी शिकवले नसेल. साधारण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. शाळेच्या भिंतीवर तो आकडा दिसू लागला की बाप पोराला विचारू लागतो, किती झाला रे.

विहिरीची पातळी वर्षातून चारदा मोजली तरी पुरे: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. मोजमाप मोठ्या माणसाने करायचे, मुलांनी लिहायचे. कठडा नसलेल्या विहिरीजवळ मुलांना नेऊच नका.

गाळ, वाघ आणि गुलाबी पाणी

जिल्ह्यातच शिकवण्याची इतकी सामग्री आहे की बाहेरची उदाहरणे शोधायची गरजच पडत नाही. 2018 मध्ये भारतीय जैन संघटनेने प्रशासनाबरोबर ‘सुजलाम सुफलाम बुलढाणा’ मोहीम चालवली. यंत्रांनी तलावांतला गाळ उपसला, शेतकऱ्यांनी तो शेतात नेला. महामार्गाच्या कामाला लागणारी माती तलाव-नाले खोल करून घ्यायची, ही पद्धत पुढे ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. त्याच वर्षी मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडने पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये राज्यात दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस घेतले. यावर निबंध लिहायला लावू नका. प्रश्न विचारायला लावा: आपल्या तलावातून गाळ निघाला होता का? कोणाच्या शेतात गेला? पुन्हा किती आला? गाळ येतो तो वरच्या कोणत्या शेतांतून? ज्यांना ट्रॅक्टरचे भाडे परवडले नाही त्यांना काय मिळाले? शाश्वत हा शब्द फळ्यावर न लिहिताही मुले त्याच्यापर्यंत पोहोचतात. सिंदखेड राजाच्या मुलांना तर घरातच इतिहास आहे. मोती तलाव आणि पुतळा बारव पाहायला लोक बाहेरून येतात. तिथल्या शाळेने त्यातल्या पाण्याची पातळी लिहून ठेवली तर इतिहास आणि भूगोल एका फेरीत होतात.

लोणारची सहल बहुतेक शाळा काढतात आणि वरून खाली पाहून परत येतात. जरा तयारी करून जा. काळ्या पाषाणात उल्कापाताने झालेले हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे आहे. 2000 मध्ये ते अभयारण्य झाले, 2020 मध्ये रामसर पाणथळ स्थळ. कडेला गोड्या पाण्याची धार आणि तळाशी खारे, साबणासारखे निसरडे अल्कधर्मी पाणी, हे इतक्या जवळजवळ का, हा सहलीचा पहिला प्रश्न असावा. दुसरा जून 2020 चा. सरोवर गुलाबी झाले आणि मोबाइलवर नाना कारणे फिरली. वनविभागाने नमुने पाठवले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात क्षारप्रेमी सूक्ष्मजीव सापडले. पाणी आटले, क्षार वाढले, हे जीव वाढले आणि रंग आला. अफवा आणि तपास यांतला फरक दाखवायला याहून सोपे उदाहरण नाही. अभयारण्य आहे, तेव्हा काहीही उचलून आणायचे नाही. पाण्याला पट्टी लावून पाहायची असेल तर वनविभागाला आधी विचारा.

अवघड उदाहरण शेगाव तालुक्याचे आहे. 2024 च्या अखेरीस आणि 2025 च्या जानेवारीत तिथल्या काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. ‘टक्कल व्हायरस’ असे नावही पडून गेले. आधी पाण्यावर संशय गेला, आयसीएमआरची पथके आली, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार वाढल्याचे निष्कर्ष मांडले. अन्न कुठून येते, त्याची तपासणी कोण करतो, रेशनवर अवलंबून असलेल्यांनाच हे का भोगावे लागले, हे आठवी-नववीच्या वर्गात बोलण्यासारखे आहे. मात्र त्या गावांतल्या शाळांनी मुलांना स्वतःच्या घराचे अनुभव वर्गात सांगायला लावू नये. ज्या मुलीचे केस गेले तिला धडा व्हायचे नसते.

ज्ञानगंगा अभयारण्याजवळच्या शाळांसाठी टी1सी1 हा वाघ पुरेसा आहे. गळ्यात कॉलर घेऊन यवतमाळच्या टिपेश्वरमधून तो निघाला आणि 1,300 किलोमीटरहून जास्त चालत 2019 च्या डिसेंबरात ज्ञानगंगेत पोहोचला. नकाशा, प्रमाण, रस्ते, शेतांमधली जंगले: भूगोलाचे अर्धे प्रकरण त्यात आहे.

आणि एक प्रश्न कोणत्याही गावाने टाळू नये: पाणी कोणत्या वस्तीला किती मिळते? संत चोखामेळा यांचे जन्मगाव म्हणून देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणाराजा ओळखले जाते आणि खडकपूर्णा धरणाच्या जलाशयालाही चोखोबांचेच नाव आहे. मुलांनी गावाचा नकाशा काढून वस्तीनिहाय नळाला पाणी किती दिवसांनी आणि किती वेळ येते हे भरावे. पाणी भरायला घरातून कोण जाते, हाही एक रकाना ठेवा. नकाशा भरला की शिक्षकाने भाष्य करायची गरज उरत नाही.

वेळ, गुण आणि पैसा

हे सारे कधी करायचे? नव्या धोरणात सहावी ते आठवीला दप्तराविना 10 दिवस सुचवले आहेत, राज्यात ‘आनंददायी शनिवार’ आहे. फेरी आणि मोजमाप त्यात बसते, आकडेमोड गणिताच्या तासात. गुणांसाठी आकारिक मूल्यमापनात प्रात्यक्षिक, उपक्रम आणि प्रकल्प ही तंत्रे आधीपासून आहेत. तिथे थर्माकोलचा धबधबा आणण्याऐवजी मुलाने सहा महिने केलेली नोंद आणि तिच्यावरून काढलेला आलेख घ्या. गुण देताना आकडा बरोबर आला का यापेक्षा खाडाखोड प्रामाणिक आहे का, चुकलेला दिवस रिकामा सोडला आहे की अंदाजे भरला आहे, हे पाहा. रिकामा रकाना सोडणाऱ्याला पूर्ण गुण.

पैसा थोडा आहे पण आहे. समग्र शिक्षाच्या संयुक्त शाळा अनुदानाचा दर पटावर ठरतो: 31 ते 100 पटाला 25,000 रुपये, 101 ते 250 ला 50,000. त्यातला किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्चायचा असतो. हात धुण्याच्या नळाखालच्या सांडपाण्याचा शोषखड्डा किंवा परसबागेकडे नेलेली नळी त्यात बसते. पोषण आहाराच्या परसबागेलाही पाण्याचा प्रश्न असतोच. अनुदान येते तेव्हा वर्ष संपत आलेले असते, ही तक्रार खरी आहे. म्हणून कामाची यादी आणि दर आधीच समितीत मंजूर करून ठेवा.

शाळा व्यवस्थापन समितीचे काम इथे सुरू होते. शिक्षण हक्क कायद्याने शाळा विकास आराखडा समितीनेच करायचा आहे आणि तो तीन वर्षांचा असतो. त्यात एक ओळ घाला: शाळा अमुक प्रश्नाची नोंद ठेवील. ठराव करा. नोंदवहीला जडसंग्रहात क्रमांक द्या, म्हणजे मुख्याध्यापक बदलले तरी चार्ज देताना ती वहीही मोजून द्यावी लागते. चांगल्या शिक्षकाच्या बदलीबरोबर गावातली चांगली कामे कशी निघून जातात, हे पालकांनी पुरेसे पाहिले आहे. वही शाळेची असावी, सरांची नाही.

केंद्रप्रमुखांनी शिक्षण परिषदेत अर्धा तास या वह्यांना द्यावा. दहा शाळांचे पावसाचे आकडे एका तक्त्यात मांडले की केंद्राचा स्वतःचा भूगोल तयार होतो. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने घाटावर आणि घाटाखाली असे दोन वेगळे स्थानिक पूरक संच काढले, तर परिसर अभ्यासाच्या पुस्तकात सर्वसाधारण नदी असते तिथे पूर्णा आणि पैनगंगा येतील. जिल्हा परिषदेने कागदाचा नमुना बदलावा. वृक्षारोपणाच्या फोटोऐवजी 31 मे रोजी जगलेल्या झाडांची संख्या मागवा. पहिल्या वर्षी आकडे वाईट येतील. ते येऊ द्या आणि त्यावरून कोणालाही नोटीस काढू नका, नाहीतर दुसऱ्या वर्षी सगळीच झाडे कागदावर जगतील.

उरली ग्रामपंचायत. पंचायती राज मंत्रालयाने 17 उद्दिष्टांचे 9 विषय केले आहेत. त्यांत जलसमृद्ध गाव आहे, बालस्नेही गाव आहे, स्वच्छ व हरित गाव आहे. ग्रामपंचायतीला आपल्या विकास आराखड्यात यातले विषय घ्यायचे असतात आणि आराखडा भरताना गावाची माहिती लागते. ती शाळेत आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आधी भेटून 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत सातवी-आठवीच्या दोन मुलींसाठी पाच मिनिटे मागा. भाषण नको. एक तक्ता, तीन आकडे आणि एक मागणी: अमुक विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत पाठवा, किंवा अमुक वस्तीच्या नळाची वेळ बदला. कोणाचे नाव घ्यायचे नाही, कोणावर ठपका ठेवायचा नाही. तारीख आणि आकडा एवढेच वाचायचे. कोणी चिडले तर वही समोर ठेवा आणि पुढच्या मोजणीला त्यांनाच बोलवा. ठराव झाला तर त्याचा क्रमांक वहीत लिहून घ्या. नाही झाला तर तेही लिहा, कारण पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते आणि तोवर ऑक्टोबरचे मोजमापही जवळ आलेले असते.